ताईच्या कपाटातली गन

"आईला सांगू नकोस हं," म्हणत ताईने व्हिडीओ कॉलवर आवाज खाली आणला. मला वाटलं, नोकरी गेली. २०२०चा जून महिना होता, तेव्हा कुणाचीही नोकरी जात होती. पण ताई म्हणाली, "आम्ही गन घेतली."

ही माझी मावसबहीण. पुण्यात वाढलेली, आता ह्यूस्टनच्या बाहेर एका उपनगरात राहणारी. लहानपणी दिवाळीत सुतळी बॉम्ब लागला की कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळणारी. २०१७ मध्ये ट्रम्पविरोधात निघालेल्या विमेन्स मार्चमध्ये गुलाबी टोपी घालून चालली होती. तिच्या घरापुढच्या लॉनवर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'चा बोर्ड होता. सहा वर्षांची भाची कुणाच्या घरी खेळायला जाणार असेल, तर ताई आधी त्या मुलाच्या आईला फोन करायची आणि जरा अवघडूनच विचारायची, "तुमच्या घरात गन आहे का? असेल तर कुलपात असते ना?" तिकडे बरेच पालक हे विचारतात. आपण जसं 'तिला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हं' म्हणून सांगतो, तसंच.

आणि आता त्याच ताईच्या कपाटात गन. मी म्हटलं, "तू ट्रम्पवाली कधी झालीस?" ती हसली नाही.

तेव्हा मला हा सरळसरळ ढोंगीपणा वाटला होता. आज तसं वाटत नाही. पण तिचं बरोबर होतं, असंही वाटत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही आहे, त्याबद्दल मला बोलायचंय. कारण तुमच्यापैकी अनेक जण एमएससाठी त्या देशात जाणार आहेत. जे जाणार नाहीत, त्यांच्यासाठीही हा प्रश्न वाटतो तितका लांबचा नाही.

आपल्या डोक्यातला 'गनवाला'

अमेरिकन गनवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो. गोरा, मध्यमवयीन, लाल टोपी, मोठा पिकअप ट्रक, त्यावर झेंडा. सिनेमे आणि मीम्सनी आपल्याला हे चित्र पक्कं करून दिलंय. ते अगदीच खोटं नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३च्या सर्वेक्षणात रिपब्लिकन विचारांच्या ४५ टक्के लोकांनी स्वतःकडे गन असल्याचं सांगितलं. पण त्याच सर्वेक्षणात डेमोक्रॅट विचारांच्या २० टक्के लोकांनीही तेच सांगितलं. म्हणजे दर पाचांत एक. कमी आहेत, पण तुरळक नाहीत.

२०२४च्या निवडणुकीत तर कमला हॅरिस यांनी ट्रम्प यांच्यासमोरच्या डिबेटमध्ये सांगून टाकलं, की मी आणि माझे जोडीदार उमेदवार टिम वॉल्झ, आम्ही दोघंही गन बाळगतो. पुढे एका मुलाखतीत आपली गन ग्लॉक असल्याचंही त्या म्हणाल्या. याच हॅरिस लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी हवी असंही म्हणत होत्या. आपल्याकडच्या सोशल मीडियावर तेव्हा 'दुटप्पी' हा एकच शब्द फिरत होता. पण तिथल्या कित्येक लिबरल मतदारांना यात काही विसंगती दिसलीच नाही. त्यांच्या लेखी गन बाळगणं आणि गनवर कडक नियम मागणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात. गाडी चालवणारा माणूस सिग्नल मागतो, तसंच.

गॅबी गिफर्ड्स हे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. अॅरिझोनाच्या या डेमोक्रॅट खासदार स्वतः गन बाळगणाऱ्या. ८ जानेवारी २०११ रोजी टुसानमध्ये मतदारांना भेटत असताना एका तरुणाने त्यांच्या डोक्यात गोळी घातली. त्या हल्ल्यात सहा जण गेले. गिफर्ड्स वाचल्या, पुन्हा बोलायला शिकल्या आणि गन कायदे कडक व्हावेत म्हणून त्यांनी संघटना उभी केली. 'मला गन माहितीये, म्हणून सांगते' असं म्हणणाऱ्या माणसाचं बोलणं वेगळ्या वजनाने ऐकलं जातं, हे मान्य करायलाच हवं.

गन कुणाच्या हातात, हाच प्रश्न

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, यातच खरी मेख आहे.

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ची. तेव्हा देशात गुलामगिरी होती. त्यामुळे हक्क कागदावर 'लोकांचा' असला तरी 'लोक' म्हणजे कोण, हे ठरलेलं होतं. गुलामगिरी संपल्यानंतरही कृष्णवर्णीयांना जमाव घरातून ओढून नेऊन फासावर लटकवत असे आणि शेरीफ दुसरीकडे बघत असे. १८९२ मध्ये मेम्फिसमध्ये आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेच्या ओळखीच्या तीन दुकानदारांना असंच मारलं गेलं. त्यानंतर वेल्स यांनी स्वतः पिस्तूल घेतलं आणि त्याच वर्षी लिहिलं, की प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा हवी. हा काही उजव्या विचारांच्या माणसाचा सल्ला नव्हता. कायदा आपल्या बाजूने येणारच नाही, हे डोळ्यांनी पाहिलेल्या बाईचा होता.

आपण मार्टिन ल्यूथर किंग म्हटलं की अहिंसा म्हणतो. पण जानेवारी १९५६ मध्ये माँटगोमरीतल्या त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा किंग यांनीही गन सोबत बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. नंतर विचारपूर्वक त्यांनी घरातली शस्त्रं सोडली. माझ्या मते ही गोष्ट किंग यांना लहान करत नाही, उलट मोठं करते. अहिंसा त्यांना भीती नव्हती म्हणून सुचली नव्हती. भीती पुरेपूर होती आणि तरीही त्यांनी ती निवडली.

सगळ्यात मजेदार प्रकरण १९६७चं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टीचे तरुण गन घेऊन पोलिसांच्या मागे गस्त घालायचे. पोलिसाने एखाद्या कृष्णवर्णीयाला अडवलं की हे कायदेशीर अंतरावर उभं राहून बघत बसणार. उघडपणे भरलेली गन बाळगणं तेव्हा तिथे कायदेशीर होतं. मग काय झालं? ते थांबवण्यासाठी विधेयक आलं. २ मे १९६७ रोजी पँथर्स रायफली घेऊन थेट सॅक्रॅमेंटोच्या विधानभवनात शिरले. कायदा आणखी लवकर झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, रिपब्लिकनांचं दैवत. आणि कायद्याला पाठिंबा होता नॅशनल रायफल असोसिएशनचा. आज गनवरच्या जवळपास प्रत्येक निर्बंधाविरुद्ध दंड थोपटून उभी राहणारी एनआरए ती हीच!

थोडक्यात काय, तर 'गन हवी की नको' हा वाद वरवरचा आहे. आत कायम एकच प्रश्न होता : गन कुणाच्या हातात असलेली चालेल?

भीती खरीच आहे

हे कळल्यावर ताईकडे जरा वेगळ्या नजरेने बघता आलं. २०००च्या सुमारास समलिंगी लोकांचे 'पिंक पिस्टल्स' नावाचे गट सुरू झाले. आमच्यावर हात टाकायला येणाऱ्याला आम्ही सोपी शिकार वाटू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. १२ जून २०१६ रोजी ऑरलँडोच्या 'पल्स' नाइटक्लबमध्ये ४९ जणांना मारलं गेलं, त्यानंतर या गटांत येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. २०१५ मध्ये कृष्णवर्णीय गनधारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 'लिबरल गन क्लब' नावाचीही एक संघटना आहे. तिचं म्हणणं असं, की गनपेक्षा गरिबी, बेकारी, मानसिक आरोग्य या मुळांवर काम करा. म्हणजे या सगळ्यांचं एकमेकांशीही एकमत नाही.

मग कोविड आला. 'अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात अमेरिकेत सुमारे ७५ लाख प्रौढांनी आयुष्यात पहिल्यांदा गन घेतली. त्यात जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या. सुमारे २० टक्के कृष्णवर्णीय आणि २० टक्के हिस्पॅनिक होते. लाल टोपीवाल्या काकांचं चित्र इथे पार विस्कटतं.

ताई त्या ७५ लाखांतली एक. तिची कारणं तिने मला बोटांवर मोजून दाखवली. एक, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एक माणूस तिच्या गाडीच्या काचेवर हात आपटून 'तुमच्या देशात परत जा' म्हणून ओरडला, भाची मागच्या सीटवर होती. दोन, शेजारच्या घरात किमान पाच गन्स आहेत आणि तो शेजारी ताईच्या लॉनवरच्या बोर्डाकडे बघून थुंकतो. तीन, एकदा रात्री मागच्या दाराशी कुणीतरी खुडबूड करत होतं, तेव्हा फोन केल्यावर पोलीस यायला पंचवीस मिनिटं लागली. ती म्हणाली, "ती पंचवीस मिनिटं मी काय करायचं, ते तू मला सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ओलेथमध्ये, एका बारमध्ये बसलेल्या भारतीय इंजिनिअरला 'आमच्या देशातून चालते व्हा' म्हणत गोळी घातली गेली, ही बातमी तिने मला नव्याने सांगायची गरज नव्हती. तेव्हा तिच्या काळजीने आमच्या घरातले सगळे रात्रभर जागे होते.

तुमच्यातल्या ज्या मुलींच्या सॅकमध्ये आईने पेपर स्प्रे टाकलाय, त्यांना ही भीती वेगळी समजावून सांगायला नको.

पण कपाटातली गन काय करते?

इथून पुढे मात्र माझं आणि ताईचं जमत नाही.

गन घेतल्यानंतर त्या घराचं नेमकं काय होतं, याचा भावना बाजूला ठेवून अभ्यास झालाय. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हँडगन नसलेल्यांच्या तुलनेत हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण तिपटीहून जास्त आणि स्त्रियांमध्ये सातपट निघालं. वाईट क्षण कुणाच्याही आयुष्यात येतो आणि बहुतेकदा निघूनही जातो. पण हाताशी गन असेल तर तो क्षण निघून जाईपर्यंतचा वेळच मिळत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये गनमुळे ४८,८३० मृत्यू झाले. त्यातले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे होते. बातम्यांत आपल्याला मॉल आणि शाळांमधले गोळीबार दिसतात. बंद दारामागचे हे मृत्यू दिसत नाहीत.

याच संशोधकांनी पुढे २०२२ मध्ये आणखी एक प्रश्न विचारला. ज्यांच्याकडे स्वतःची गन नाही, पण जे हँडगनवाल्या माणसासोबत एका घरात राहतात, ते जास्त सुरक्षित असतात का? उत्तर उलटं आलं. त्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तर सातपट होतं आणि अशा मृतांत ८४ टक्के स्त्रिया होत्या. बाहेरच्या ज्या अनोळखी माणसाच्या भीतीने गन घेतली जाते, त्याच्यापासून जास्त संरक्षण मिळाल्याचं काही दिसलं नाही.

या आकड्यांत 'लिबरल घर' आणि 'कॉन्झर्व्हेटिव्ह घर' असे वेगळे रकाने नाहीत. गनला मालकाने मत कुणाला दिलं, ते कळत नाही. आपण सुशिक्षित आहोत, ट्रेनिंग घेतलंय, तिजोरी आणलीये, म्हणून हे आपल्याकडे होणार नाही, असं प्रत्येकच घराला वाटत असतं. २०२० पासून तिथल्या एक ते एकोणीस वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण गन हे आहे. रस्ते अपघातांनाही तिने मागे टाकलंय.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. ज्यांना ही गन सगळ्यात जास्त गरजेची वाटते, त्यांनाच ती वाचवत नाही. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसांनी अडवली. शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारा माणूस. रीतसर परवाना होता. त्याने शांतपणे, 'सर' म्हणत सांगितलं की माझ्याकडे गन आहे. काही सेकंदांत पोलिसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण होती आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. हक्क कागदावर सगळ्यांना सारखा असतो. पण माझ्या सावळ्या ताईच्या हातातली गन अंधारात पोलिसाला दिसली, तर तो तिला 'घराचं रक्षण करणारी आई' समजेल की आणखी काही? शेजारच्या थुंकणाऱ्या काकांना हा प्रश्न पडायचं कारण नाही. ताईला पडायला हवा.

मी हे बोललो, तेव्हा जिजूंनी व्हॉट्सअॅपवर गांधीजींचा फोटो फॉरवर्ड केला. खाली वाक्य होतं, की अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजांचं सगळ्यात काळं कृत्य, अशा अर्थाचं. अमेरिकन गनवाल्यांचं हे फार आवडतं वाक्य आहे. गांधीजींनी ते लिहिलंय हे खरं. पण ते १९१८च्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे. इंग्रजी राजवटीच्या शस्त्रबंदीबद्दल आणि खेड्यातल्या लोकांनी सैन्यात जावं म्हणून ते लिहिलेलं होतं. प्रत्येकाने बेडरूममध्ये पिस्तूल ठेवावं, असा त्याचा अर्थ काढायला बरीच कल्पनाशक्ती लागते. जिजूंना हे लिहून पाठवलं. दोन ब्लू टिक आल्या, उत्तर आलं नाही.

वर्गातली गन

तिकडे शिकायला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. टेक्सासमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी विद्यापीठांच्या इमारतींत परवानाधारकांना लपवून हँडगन नेता येऊ लागली. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या टॉवरवरून एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडून डझनाहून अधिक माणसं मारली होती. तारखेचा हा योग बघून अंगावर काटा येतो. तिथल्या तीन प्राध्यापिका या कायद्याविरुद्ध कोर्टात गेल्या. ज्या वर्गात कुणाकडे गन असू शकते, तिथे गर्भपातासारख्या विषयावर मोकळी चर्चा कशी होणार, असा त्यांचा सवाल होता. कोर्टाने तो ऐकला नाही. तुम्हाला मात्र स्टुडंट व्हिसावर गन बाळगण्याची सर्वसाधारणपणे परवानगीच नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. म्हणजे शेजारच्या बाकावरच्याकडे ती असू शकते, तुमच्याकडे नाही. आणि ते बरंच आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्या प्राध्यापिकांचा सवाल मला ताईच्या घरालाही लागू पडतो असं वाटतं. शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपण घ्यायची. आपण घेतली म्हणून पलीकडच्याने आणखी एक घ्यायची. त्या देशात आज माणसांपेक्षा गन्स जास्त आहेत, तरी सुरक्षित कुणालाच वाटत नाही. पोलीस पंचवीस मिनिटांनी येतात, यावर खरं उत्तर पोलीस लवकर कसे येतील आणि आल्यावर माणसं बघून कसे वागणार नाहीत, हे आहे. ते उत्तर मिळायला वर्षं लागतात, मोर्चे लागतात, मतं लागतात. गन अर्ध्या-पाऊण तासात मिळते. लिबरल म्हणवणाऱ्या माणसाने गन घेतली म्हणून तो ढोंगी ठरत नाही. पण सगळ्यांनी मिळून सोडवायचा प्रश्न त्याने तेवढ्यापुरता आपल्या कपाटात बंद करून ठेवला, असं मला वाटतं. आणि कपाटात ठेवलेल्या त्या उत्तराचा धोका आधी त्याच घरातल्यांना असतो.

गेल्या डिसेंबरात ताई पुण्यात आली होती. रात्री गच्चीवर बसलो असताना तिने आपणहून विषय काढला. भाचीच्या वाढदिवसाला मैत्रिणी रात्री राहायला येणार होत्या. एका मुलीच्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या बाईने जरा अवघडूनच विचारलं, "तुमच्या घरात गन आहे का?"

ताई म्हणाली, "हो. पण तिजोरीत असते."

ती बाई छान बोलली, थँक यू म्हणाली. मुलगी केक कापायला आली आणि आठ वाजता घरी गेली.

"मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं," ताई म्हणाली. मग तिने मोबाइल उलटा करून ठेवला आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मीही वाद घातला नाही. गन अजून कपाटात आहे. मावशीला अजून माहीत नाही.